नेट नसलेल्या शाळेत ऑनलाइन साधनं कशी वापरायची: नव्याने रुजू झालेल्या गुरुजी-बाईंसाठी

परवा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नुकताच लागलेला एक शिक्षणसेवक शेजारी बसला होता. त्याने मोबाईल दाखवला तर 'शाळा' नावाच्या फोल्डरात एकेचाळीस ॲप्स! म्हटलं, सर, यातली वर्गात किती वापरली? तर म्हणतो, मॅडम अजून एकपण नाही, रोज रात्री एक नवीन डाउनलोड करतो आणि सकाळी शाळेत गेलं की रेंजच नसते. मला हसू आलं नाही, कारण सात-आठ वर्षांपूर्वी मी डिट्टो हेच करत होते. त्याला चहाच्या सुट्टीत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहिते.

आधी माझी शाळा सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठची द्विशिक्षकी वस्तीशाळा, पहिली ते चौथी, पट तेवीस. सरांकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी. लोकवर्गणीतून घेतलेला एक बत्तीस इंची टीव्ही आहे. वर्गात रेंज नाही, पिंपळाच्या पारावर दोन काड्या येतात. लाईट दुपारी कधी जाईल ते महावितरणलाच माहीत. तुमच्याकडे वायफाय, टॅब, इंटरॅक्टिव्ह पॅनल असलं तर छानच, पण मी जे लिहितेय ते एक फोन आणि एक टीव्ही धरूनच लिहितेय.

काय काय लागतं

- अँड्रॉइड फोन, पंधरा-वीस जीबी जागा मोकळी असलेला (घरचे लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवा आधी)
- दोन पेनड्राइव्ह, दोन का ते पुढे कळेल
- ओटीजी, म्हणजे फोनला पेनड्राइव्ह लावायची ती छोटी पिन
- एक ब्लूटूथ स्पीकर, साधा चालतो
- शाळेच्या नावाने एक वेगळा ईमेल आयडी, स्वतःचा वापरू नका, बदली झाली की सगळं तुमच्याबरोबर जातं आणि मागचा माणूस कोरा राहतो
- घरी नेट, तेही रात्रीचं

१. आधी टाचण, मग ॲप

टाचण म्हणजे काय, कसं शिकवायचं त्याची आधी केलेली नोंद. हा क्रम उलटा केला की सगळं फसतं. ॲप आवडलं म्हणून ते कुठल्या तरी पाठाला चिकटवायचं, असं मी वर्षभर केलं. पोरं खूश, मीपण खूश, आणि आकारिक चाचणीत वजाबाकी होती तिथेच. आता मी आठवड्याचं टाचण लिहिताना फक्त एक खूण करते, की या पाठात पोरं नेमकी कुठे अडकतात. जिथे खडू-फळा, गणित पेटी, काड्या-गठ्ठे यांनी भागतं तिथे मोबाईल काढतच नाही. जिथे गोष्ट दाखवल्याशिवाय कळणारच नाही, म्हणजे ज्वालामुखी, समुद्राची भरती-ओहोटी, मधमाशीचं पोळं आतून, तिथेच स्क्रीन. आठवड्यात असे तीन-चार प्रसंग येतात, जास्त नाही.

आणि वेळ. एका वेळी सात-आठ मिनिटं, त्याच्या वर नाही. द्विशिक्षकीत तर तिसरीला टीव्ही लावला की चौथीचं डोकं तिकडेच वळणार, तेव्हा मी जे दाखवायचं ते दोन्ही वर्गांना एकदमच दाखवते आणि नंतर काम वेगवेगळं देते.

२. घरी डाउनलोड, शाळेत विमान मोड

शाळेत नेटवर काही लावायचं नाही, हे पक्कं ठरवून टाका. नेट असलं तरी नाही. यूट्यूबवर गोगलगायीचा व्हिडिओ लावला आणि मध्येच जाहिरात आली तर ती कशाची असेल हे तुमच्या हातात नाही. व्हिडिओ संपल्यावर आपोआप दुसरा सुरू होतो, तोही तुमच्या हातात नाही. यूट्यूबच्या ॲपमध्ये बऱ्याच व्हिडिओंना खाली डाउनलोडचं बटण असतं, रात्री घरी ते दाबून ठेवायचं. व्हिडिओ आधी पूर्ण बघा, शेवटच्या सेकंदापर्यंत. मी अर्धवट बघून लावलेला एक बोधकथेचा व्हिडिओ शेवटी भलत्याच गाण्यावर गेला होता, पोरांनी ते गाणं आठवडाभर म्हटलं.

आणि वर्गात फोन टीव्हीला लावायच्या आधी विमान मोड. का ते सांगते. तीन वर्षांपूर्वी पालक सभेच्या दिवशी मोठ्या उत्साहाने टीव्हीवर फोन लावून पालकांना पाठ दाखवत होते आणि वरून व्हॉट्सॲपचा मेसेज खाली घसरला, माझ्या नणंदेचा: 'सासूबाई परत रुसल्यात, फोन कर'. वाचता येणारे सगळे वाचते झाले, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांना माझ्या तिसरीतल्या पोरीने मोठ्याने वाचून दाखवलं. अस्खलित. एकही जोडाक्षर चुकलं नाही.

३. फोन टीव्हीला जोडायचा कसा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून नीट वाचा.

वायर: टाईप-सी टू एचडीएमआय केबल दुकानदार बिनधास्त विकतो, पण ती प्रत्येक फोनला चालत नाही. फोनच्या चार्जिंगच्या भोकातून चित्र बाहेर देण्याची सोय फोनमध्येच असावी लागते आणि स्वस्तातल्या बहुतेक फोनांत ती नसते. मी अशा दोन केबल घेतल्या, दोन्ही कपाटात आहेत. विकत घ्यायच्या आधी दुकानातच स्वतःच्या फोनला लावून बघा, नाही लावू दिलं तर घेऊ नका.

बिनवायरी: बऱ्याच स्मार्ट टीव्हींना फोनची स्क्रीन थेट दाखवता येते, फोनमध्ये त्याला कुठे कास्ट, कुठे स्मार्ट व्ह्यू, कुठे वायरलेस डिस्प्ले म्हणतात. यातल्या मिराकास्ट नावाच्या प्रकाराला इंटरनेट लागत नाही, फोन आणि टीव्ही आपापसात जोडतात, फक्त विमान मोड टाकल्यावर वायफाय परत चालू करावं लागतं. चित्र अडखळतं कधीकधी.

पेनड्राइव्ह: माझं मत विचाराल तर हेच. टीव्हीच्या मागे यूएसबीचं भोक असतंच, साध्या टीव्हीलाही. एमपीफोर व्हिडिओ आणि जेपीजी फोटो बहुतेक सगळे टीव्ही उघडतात. पीडीएफ मात्र उघडत नाहीत, त्यामुळे पुस्तकाचं पान किंवा गोष्ट दाखवायची तर फोनवर त्याचे स्क्रीनशॉट काढायचे आणि ते पेनड्राइव्हवर टाकायचे. फाईलींना ०१, ०२, ०३ अशी नावं द्या नाहीतर टीव्ही दहावं पान दुसऱ्याच्या आधी दाखवतो. पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला बरा, जुने टीव्ही दुसरं काही ओळखत नाहीत.

दुसरा पेनड्राइव्ह याच्यासाठी की पहिला हरवतो. हमखास.

४. पुस्तकातला क्यूआर कोड

बालभारतीच्या पुस्तकात पाठापाशी तो काळा-पांढरा चौकोन असतो ना, नव्या शिक्षकांपैकी निम्म्यांनी तो कधी स्कॅनच केलेला नसतो. दीक्षा हे केंद्र सरकारचं ॲप, २०१७ पासून आहे, फुकट आहे. ॲप उघडायचं, भाषा मराठी, बोर्ड महाराष्ट्र, इयत्ता निवडायची, स्कॅन करायचं, त्या पाठाचे व्हिडिओ, सराव प्रश्न समोर येतात. पान फाटलं असेल, तेलाचा डाग पडला असेल तर कोडच्या खाली सहा अक्षर-आकड्यांचा एक कोड छापलेला असतो तो टाईप केला तरी चालतं. आणि आतला मजकूर ॲपमध्येच डाउनलोड होतो, मग शाळेत विनानेट उघडतो.

पुस्तकात क्यूआर कोड ही कल्पना आपल्याच मातीतली आहे बरं का. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना कोड चिकटवायला सुरुवात केली, त्यांनाच २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटायचं जाहीर केलं.

दोन खोड्या लक्षात ठेवा. एक, पुस्तक बदललं की कोड बदलतो, मागच्या वर्षीचं डाउनलोड या वर्षीच्या पाठाला जुळेलच असं नाही. दोन, दीक्षावरचे सगळे व्हिडिओ सारख्या दर्जाचे नाहीत. काही फार सुंदर, काहींत नुसतं पुस्तक वाचून दाखवलंय, ते तर आपणही करू शकतो.

बालभारतीच्या साइटवर सगळ्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफही फुकट मिळतात. नकाशाचं पान, चित्रवाचनाचं पान टीव्हीवर मोठं करून दाखवायला ते सगळ्यात उपयोगी, आणि जूनमध्ये एखाद्या पोराला पुस्तक कमी पडलं तर तेवढ्यापुरतं भागतं.

५. गोष्टी

स्टोरीवीव्हर ही गोष्टींची साइट. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं, मराठीत भरपूर गोष्टी, चित्रं एकदम झकास. गोष्टींना एक ते चार अशा पातळ्या आहेत, पहिल्या पातळीत एका पानावर एखाददुसरी ओळ, चौथीत बऱ्यापैकी मजकूर. शाळेच्या ईमेलने लॉगिन करून ठेवा, गोष्ट पीडीएफ म्हणून उतरवता येते. आणि या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून तुम्ही छापू शकता, वाटू शकता, चक्क बदलूही शकता. कोरकू, गोंडी बोलणाऱ्या पोरांच्या शाळेत असाल तर त्या भाषांतल्याही गोष्टी तिथे शोधा.

मी काय करते ते सांगते. गोष्ट टीव्हीवर लावायची, पण शेवटची दोन पानं लावायचीच नाहीत. पोरांनी शेवट वहीत लिहायचा. दुसऱ्या दिवशी खरा शेवट. एकदा कुत्र्याच्या पिल्लाच्या गोष्टीचा शेवट आमच्या चौथीतल्या एकाने असा लिहिला की पिल्लू ऊसतोडीच्या गाडीबरोबर गेलं आणि पाडव्याला परत आलं. त्याचे आई-वडील सहा महिने कारखान्यावर असतात. खरा शेवट काय होता ते आता मला आठवतही नाही.

वाचन कच्चं असलेल्या पोरांना गोष्ट आधी ऐकवा, मग पान दाखवा. स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा, रेकॉर्डर प्रत्येक फोनात असतो. आपल्या बाईंचा आवाज स्पीकरमधून आला की पोरांना फार गंमत वाटते, आणि मी चौथीला शिकवत असताना तिसरीचं श्रवण चालू राहतं.

६. गणित

यातलं माझं लाडकं फेट (PhET), विज्ञान-गणिताच्या खेळांची साइट. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा हा प्रकल्प, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. आधी विज्ञानाचेच खेळ होते, आता गणिताचेही आहेत आणि बरेचसे मराठीत भाषांतर केलेले आहेत. खेळ म्हणजे व्हिडिओ नाही, हाताने ओढायचं, बदलायचं, काय होतं ते बघायचं. प्राथमिकला अपूर्णांकांची ओळख, दहाचा गट करून बेरीज, संख्यांची तुलना, सी-सॉवर विटा ठेवून तोल साधणं, हे एवढे चार तरी घ्याच.

कसं उतरवायचं: फेटच्या साइटवर खेळाच्या पानावर जायचं, भाषांतरांच्या यादीत मराठी शोधायचं, डाउनलोड दाबायचं. एकच फाईल येते, ब्राउझरमध्ये उघडणारी. शाळेत फाईल मॅनेजरमधून ती उघडताना फोन विचारेल कशात उघडू, तिथे क्रोम निवडायचं. दुसरं काही निवडलंत तर इंग्रजीतली रांगोळी दिसेल, घाबरू नका, मागे येऊन परत क्रोम. हा खेळ पेनड्राइव्हवरून टीव्हीत मात्र चालत नाही, याला स्क्रीन दाखवणंच लागतं. ते जमत नसेल तर फोन मध्ये ठेवून सहा-सहा पोरांचे गट करा, खरं तर तेच जास्त बरं पडतं.

आता हे कुठे कामाला आलं ते. चौथीत एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश? आमच्या एका पोरीचं म्हणणं ठाम, बाई आठवा मोठा, कारण आठ चारापेक्षा मोठा. फळ्यावर तीनदा काढून दाखवलं, मान डोलावली आणि वहीत परत तेच. मग फेटचा अपूर्णांकाचा खेळ तिच्याच हातात दिला. खालचा बाण दाबला की छेद एकेक वाढतो आणि वर्तुळाचे तुकडे बारीक होत जातात. तिने दाबलं, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. थांबली. परत मागे आली चारावर. परत आठावर. असं पाच-सहा वेळा केलं, मी काही बोलले नाही. मग डब्यातली भाकरी काढली, आधी चार तुकडे केले, त्यातल्या एकाचे परत दोन, आणि विचारलं कुठला घेणार. म्हणाली, पाव द्या. तिथून पुढे पाव, अर्धा, पाऊण हे आपले शब्दच वापरले, ते तर तिला वाण्याकडे जाऊन जाऊन आधीच येत होते, फक्त पुस्तकातला अपूर्णांक म्हणजे तेच हे कुणी सांगितलं नव्हतं. (शेजारच्याने विचारलं वडापावातला पाव पण चतुर्थांश का, त्यावर दहा मिनिटं गेली.)

म्हणून फेटनंतर खरी वस्तू हातात द्याच. नुसता स्क्रीनवर समजलेला अपूर्णांक दुसऱ्या दिवशी विसरतो.

एक सापळा: यूट्यूबवरचे गणिताचे व्हिडिओ. वजाबाकीत कुणी 'उसना घ्या' म्हणतं, कुणी 'हातचा', आणि आपण वर्गात 'दशक सुटा करा' म्हणत असतो. पोरांना वाटतं या तीन वेगळ्या रीती आहेत. संख्यावाचनाचंही तेच, २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल, काही व्हिडिओ तसे आहेत, काही 'एकवीस' म्हणणारे. ज्या शब्दांत तुम्ही शिकवता त्या शब्दांतलाच व्हिडिओ घ्या, नसेल तर आवाज बंद करून स्वतः बोला.

७. प्रत्येकाचं उत्तर कळायला: प्लिकर्स

कळलं का रे सगळ्यांना? होऽऽ बाई. हे उत्तर खोटं असतं हे आपल्याला पण माहीत असतं. प्लिकर्स हे अख्ख्या वर्गाची उत्तरं एका फोनवर गोळा करणारं ॲप, त्याला पोरांकडे मोबाईल लागत नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड, त्यावर काळी नक्षी, चारही बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. तुम्ही प्रश्न विचारायचा, पोरांनी आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुणाचं बरोबर कुणाचं चूक फोनवर उमटतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून कॉपी करता येत नाही, हे पोरांच्या लक्षात यायला दोन दिवस लागतात आणि तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

क्रम असा:

- साइटवर शाळेच्या ईमेलने खातं, वर्ग तयार करा. पोरांची नावं टाकू नका, हजेरी क्रमांक टाका.
- कार्डांची पीडीएफ तिथेच फुकट मिळते. जाड कागदावर छापून घ्या. चकचकीत लॅमिनेशन करू नका! उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही, मी करून बसले, पुन्हा छापावी लागली. पुठ्ठ्यावर खळीने चिकटवा.
- बाजूच्या ए-बी-सी-डीशेजारी पेनाने बारीक अ-ब-क-ड लिहा. नक्षीवर काही लिहायचं नाही.
- कार्ड धरताना बोटं कडेला. नक्षीवर अंगठा आला की ते कार्ड वाचलं जात नाही आणि ते पोर बिचारं उत्तर देऊनही गैरहजर दिसतं.
- फुकटच्या खात्यात एका संचात प्रश्न थोडेच टाकता येतात, पण थोडेच पुरतात.

याला नेट लागतं, थोडंसं. त्यामुळे माझा प्लिकर्सचा तास पिंपळाच्या पारावर होतो, पोरं समोर सावलीत ओळीने, मी पारावर उभी. पहिल्यांदा केलं तेव्हा प्रश्न होता ४०७ मधल्या शून्याची जागा कुठली, एकक, दशक, शतक की कुठलीच नाही. बारापैकी सात जणांचं उत्तर 'कुठलीच नाही'. त्यातले पाच जण असे होते जे हात वर करून नेहमी बरोबर उत्तर देतात असं मी धरून चालले होते. त्या दिवशी पुढचं टाचण बाजूला ठेवलं आणि परत गठ्ठे-काड्यांवर आले.

८. परिसर अभ्यास

तिसरीच्या पोरांना नकाशा शिकवताना एकदम भारताचा नकाशा काढला की तो त्यांच्यासाठी चित्रच असतं. गुगल अर्थवर आपल्या शाळेपासून सुरू करा. शाळेत नेट नाही, मग घरी फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून शाळेच्या पत्र्यावरून हळूहळू वर जायचं, वस्ती, गाव, तालुका, जिल्हा, सह्याद्री, समुद्र, आणि तो चाळीस-पन्नास सेकंदांचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर. आमच्याकडे पहिल्या पाच सेकंदांतच ओरडा झाला, बाई थांबवा, ते आमचं शेततळं! तिथून पुढे मग भीमा नदी कुठून येते, उजनीला यशवंतसागर का म्हणतात, सगळं आपोआप विचारलं गेलं. कॉम्प्युटर असेल तर गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांचे फोटोही बघता येतात. पाणी भरलेलं आणि आटलेलं उजनी शेजारी शेजारी ठेवलं की आजोबा जे सांगतात, पाण्याखाली गेलेलं गाव आणि उन्हाळ्यात वर येणारं पळसदेवचं जुनं देऊळ, ते पोरांना जागेवर दिसतं.

पक्ष्यांचे आवाज झेनो-कँटो या साइटवर मिळतात, जगभरच्या लोकांनी रेकॉर्ड करून टाकलेले, २००५ पासून चालू आहे. भिगवणकडे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आमच्या पोरांनी ते लांबून पाहिलेले, पण आवाज कुणीच ऐकला नव्हता. आधी अंदाज विचारला. कुणी मोर म्हटलं, कुणी कोकिळा, इतका देखणा पक्षी म्हणजे आवाजही तसाच. स्पीकर लावला तर बदकांचा गोंगाट! शोधताना शास्त्रीय नाव टाका, मराठी नाव टाकून सापडत नाही.

विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्तांची साइट आणि त्यांचे मराठीतले व्हिडिओ. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं हे काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीतल्या काड्या एवढ्यावर त्रिकोण-चौकोन-घन होतात. हे व्हिडिओ पोरांना दाखवू नका, तुम्ही बघा आणि वर्गात बनवा.

९. वर्कशीट आणि प्रश्नपत्रिका

टायपिंग येत नाही म्हणून अडू नका. फोनच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठी भाषा टाका, माईक दाबा, बोला. विरामचिन्हं नंतर घाला आणि अनुस्वार तपासा, 'मुलं' चं 'मूल' होतं. गुगल डॉक्समध्ये लिहून पीडीएफ करायची मगच ग्रुपवर टाकायची.

ग्रुपवरून आलेली वर्ड फाईल उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसला तर फाईल बिघडलेली नाही. ती श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, तुमच्या फोनात तो फॉन्ट नाही. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागा, फॉन्ट शोधत बसू नका, त्या नावाने व्हायरस असलेल्या फाईली फिरतात.

चॅटबॉटकडून शाब्दिक उदाहरणं करून घेणारे आता बरेच जण आहेत, मीपण घेते. पण प्रत्येक गणित स्वतः सोडवल्याशिवाय पोरांपुढे जाऊ देत नाही. मला एकदा 'रामूने ३ किलो दूध विकत घेतले' असं उदाहरण मिळालं. गवळ्यांच्या वस्तीवर हे घेऊन गेले असते तर पोरांनीच माझी शिकवणी घेतली असती.

१०. पोरांचे फोटो, नावं, नंबर

कुठल्याही ॲपवर पोराचं पूर्ण नाव, आधार, पालकांचा नंबर भरायचा नाही. तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं गुगल खातं काढता येत नाही, तेव्हा जे साधन पोरांना लॉगिन करायला लावतं ते प्राथमिकसाठी सोडूनच द्या. वय वाढवून खातं काढून देऊ नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे, त्यामुळे वर्गाचे फोटो-व्हिडिओ स्टेटसला ठेवायची हौस असेल तर जूनमध्येच पालकांकडून लेखी संमती घ्या. मी पाठमोरे फोटो काढते.

'मोफत' म्हणणारं ॲप कार्डाचा नंबर मागायला लागलं, सात दिवस फ्री म्हणालं, की बाहेर. आणि सरकारी ॲपच्या नावासारखी नावं घेऊन बरीच डुप्लिकेट ॲप्स असतात, खाली बनवणाऱ्याचं नाव बघूनच घ्या.

११. कागदपत्रं (कंटाळवाणं पण करा)

- टीव्ही, स्पीकर, पेनड्राइव्ह काहीही आलं की शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि साठा नोंदवहीत नोंद, त्याच दिवशी
- लोकवर्गणी असेल तर प्रत्येकाला पावती, पाच रुपये दिले तरी
- बिलं आणि वॉरंटी कार्डाचा फोटो शाळेच्या ईमेलवर, कागद उंदीर खातात
- पालकांची संमतीपत्रं एका फाईलीत
- शाळेच्या ईमेलचा आणि सगळ्या खात्यांचा पासवर्ड लिहिलेलं बंद पाकीट मुख्याध्यापकांच्या कपाटात

विकणाऱ्याने 'सगळा अभ्यासक्रम भरलेला' म्हणून दिलेला बॉक्स घेण्याआधी त्यातला तुमच्या इयत्तेचा एक पाठ पूर्ण लावून बघा. आमच्या केंद्रात एका शाळेने घेतला, आत जुनंच पुस्तक निघालं आणि विकणारा फोन उचलायचा बंद झाला.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: शाळेचा ईमेल काढा, दीक्षा टाकून पुढच्या आठवड्याचे दोन पाठ स्कॅन करून उतरवा, स्टोरीवीव्हरवरून एक गोष्ट स्क्रीनशॉट करून पेनड्राइव्हवर टाका आणि शाळा सुटल्यावर, पोरं नसताना, टीव्हीवर लावून बघा. लागत नसेल तर पेनड्राइव्ह उलटा घातलाय का ते आधी बघा, माझा पहिला अर्धा तास त्यातच गेला होता. आणि त्याला एक लाल दोरा बांधा, खडूच्या डब्यात पडला तरी सापडतो.